बिनरंगाचा फोटू

डिसेंबर लागला की विलासचा फोन येतो. विलास माझा धाकटा भाऊ. चांदूर बाजारच्या अलीकडं आमच्या माहेरचा संत्र्याचा बगीचा आहे, तो आता तोच बघतो. ख्यालीखुशाली विचारायच्या आधीच तो सांगून टाकतो, "ताई, पानी बंद केलं आजपासून." मी इकडं अकोल्यात स्वयंपाकघरात उभी असते, गॅसवर वरण उकळत असतं, आणि त्या एवढ्याशा वाक्यानं मला बगीच्यातल्या वाळत चाललेल्या मातीचा वास येतो. फोनमधून वास येत नसतो हे मला कळतं. तरी येतो.

पाणी बंद करणं म्हणजे झाडांना ताण देणं. फळं उतरली की ऐन हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. काळी जमीन हळूहळू भेगाळते. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग एकेक करून खाली यायला लागतात. नवखा माणूस बांधावर उभा राहिला तर हळहळून म्हणेल, अरेरे, यांचा बगीचा गेला. पण तो गेलेला नसतो. संक्रांतीच्या आसपास पाणी सोडतात, आणि थोड्याच दिवसांत ज्या डहाळीवर काही उरलं नव्हतं तिथं पांढऱ्या कळ्यांचे घोसच्या घोस येतात. तो वास घरात शिरतो, अंथरुणात शिरतो, दुधाच्या सायीलाही लागतो असं माझी आई म्हणायची. हाच आमचा आंबिया बहार. ज्या झाडाला ताण बसला नाही ते नुसतंच हिरवंगार राहतं, आणि त्याच्याकडं बघून आमच्याकडची माणसं मान हलवतात.

मला या दिवसांत एक वर्ष हटकून आठवतं. त्या वर्षी ताण नुसता झाडांना नव्हता.

आमच्या ह्यांचा अकोल्यात फोटो स्टुडिओ आहे. श्रीधर त्यांचं नाव. लग्नाचे फोटो काढणारे शंभर असतील, पण रंग पाहावेत तर ह्यांचेच, अशी त्यांची ख्याती होती. ह्यांच्या अल्बममधली हळद इतकी पिवळी असायची की पाहणाऱ्यानं बोटं पुसून घ्यावीत. शालूचा लाल, मेंदीचा तांबडा, मंडपावरच्या दिव्यांचा जांभळा, सगळं नुसतं उसळत असायचं. मी कॉम्प्युटरवर बसून अल्बमची जुळवाजुळव करायची आणि कधीकधी म्हणायची, अहो, जरा कमी करू का? ते म्हणायचे, "लोक लग्नात काटकसर करत नाईत, मी रंगात काहून करू?"

त्यांची अजून एक सवय होती. घरातून आम्ही कुठंही निघालो की उंबऱ्यावर थांबून ते माझ्याकडं एकदा बघायचे, लेन्समधून बघावं तसं, एक डोळा बारीक करून. आणि म्हणायचे, "टिकली वाकडी हाय." मग मी ती बोटानं सरळ करायची. आरसा असून मला ती नीट लावता आली नाही हे खरंच; माझी टिकली डावीकडं जाते ती जातेच. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा कंटाळा यायचा.

मग ह्यांना टीबी झाला. तो औषधांनी बरा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या एका गोळीनं डोळ्यांच्या नसेवर परिणाम केला. असं क्वचित कोणाला होतं, डॉक्टर म्हणाले, आणि ती गोळी त्यांनी लगेच थांबवली. नजर बरीचशी परत आली. लाल आणि हिरवा मात्र परत आले नाहीत. आले तरी हळूहळू येतील, कदाचित पूर्ण येणार नाहीत, असं सांगितलं गेलं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "लाल दिसत नाई असं नाई. दिसते. पन धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा."

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही आणि एका लग्नाचे फोटो स्वतःच दुरुस्त करून दिले. मी तेव्हा जावेच्या बाळंतपणात अडकले होते. अल्बम छापून गेला आणि नवरीची आई तो पिशवीत घालून परत घेऊन आली. भांडली नाही ती. नुसतं पान उघडून पुढं धरलं आणि म्हणाली, "भाऊ, माही पोरगी अशी दिसते का? इले कावीळ झाल्यासारखी दिसून राहिली." ह्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, आणि त्यांना त्यात काहीच चुकलेलं दिसलं नाही. अल्बम मी नव्याने करून दिला. स्टुडिओचं शटर त्या दिवशी खाली आलं ते वर गेलं नाही. कॅमेरा विकायचं ठरलं. अमरावतीचा एक तरुण फोटोग्राफर संक्रांत झाली की येऊन घेऊन जाणार होता.

आणि मला आठवतं, त्याच सुमारास एका बारशाला गेले असताना तिथल्या आरशात मी स्वतःला पाहिलं. टिकली जवळजवळ भुवईवर गेली होती. आम्ही दोघं घरातून बरोबर निघालो होतो. उंबऱ्यावर ह्यांनी माझ्याकडं पाहिलंही होतं. मी आरशासमोर ती सरळ केली आणि मग बारशाच्या गर्दीतच मला रडू यायला लागलं. लोकांना वाटलं, हिला मूल बघून भरून आलं.

हवापालट म्हणून आम्ही माहेरी गेलो. अमरावतीला गाडी बदलली, चांदूर बाजारला विलास घ्यायला आला होता. संत्र्याची शेवटची तोड चालू होती. तोडणाऱ्या बाया झाडाखाली बसून फळं निवडत होत्या, ढिगाऱ्याला ऊन लागत होतं. माझ्या बाबांनी ह्यांना हौसेनं बगीच्यात नेलं. एका झाडापाशी थांबून म्हणाले, "जवाईबापू, हे झाड तुमच्यासाठी ठेवलं. तुमी तुमच्या हातानं तोडा." झाड लदलेलं होतं. हे समोर उभे राहिले, हात वर केला आणि तो हात तसाच पानांमध्ये चाचपडत राहिला. बाबांना वाटलं जावई लाजतो. मी दूर होते, पण मला कळलं. त्यांना झाड दिसत होतं. संत्री दिसत नव्हती. शेवटी एक फळ बोटांना लागलं तेव्हा त्यांनी ते तोडलं आणि हसले. ते हसू बघवत नव्हतं.

त्यानंतर पाणी तोडलं. दिवस कोरडे आणि स्वच्छ होते. सकाळी अंगणात शेगडीभोवती बसायचं, दुपारी बगीच्यात पानं पडायचा आवाज ऐकायचा. हे दिवसभर खाटेवर पडून असत. कॅमेऱ्याची बॅग खुंटीला टांगलेली होती, तिच्यावर बाबांचा टॉवेल वाळत असायचा.

मी माझा लॅपटॉप बरोबर नेला होता. तोडीच्या दिवशी मी मोबाइलवर बगीच्याचे फोटो काढले होते. त्यातला एक असा काही आला होता की कॅलेंडरवर छापावा: गर्द हिरवं झाड, त्यात पेटलेली संत्री, वर निळंशार आभाळ. एका दुपारी काही सुचेना म्हणून मी त्या फोटोचा रंग काढून टाकला. का काढला ते आजही सांगता येणार नाही. एक बटण दाबलं आणि आभाळ राखाडी झालं, झाड राखाडी झालं, आणि संत्री नाहीशी झाली. खरंच नाहीशी झाली. ऊन पडलेलं पान आणि पिकलेलं फळ एकाच राखेत मिसळून गेलं. मी पडद्याजवळ जाऊन शोधायला लागले. एक सापडलं, दुसरं सापडेना. आणि एकदम मला तो झाडात चाचपडणारा हात आठवला. इतके महिने मी डॉक्टरांचे कागद वाचत होते, पण ह्यांना काय दिसतं ते मला त्या दुपारी दिसलं.

मी हाक मारली. ते आले, शेजारी बसले. मी पडदा त्यांच्याकडं वळवला.

बराच वेळ पाहून ते म्हणाले, "पिवळी काच लावली नाई वाटते."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. पोरवयात ते ज्या स्टुडिओत शिकले तिथं काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काम चालायचं. त्यांचे उस्ताद लेन्सपुढं रंगीत काच धरायचे. पिवळी धरली की आभाळ जरा गडद व्हायचं आणि ढग उठून यायचे. लाल धरली की आभाळ काळंभोर, आणि लाल वस्तू पांढरीफटक. काचेच्या रंगाची वस्तू उजळते, उलट रंगाची काळवंडते, एवढा साधा हिशोब. रंगीत फिल्म आली आणि त्या काचा कुठं गेल्या कोणास ठाऊक. मी कॉम्प्युटरवर पाहिलं तर त्या सगळ्या काचा तिथं होत्या, पट्ट्यांच्या रूपात. प्रत्येक रंगाची एक पट्टी. सरकवली की तो रंग राखाडीत उजळ होणार की गडद, ते आपल्या हातात.

"नारिंगी वर घे," ते म्हणाले. मी घेतली. "अजून. आता हिरवा खाली." आणि त्या मेलेल्या राखाडी झाडात एकेक संत्रं उजळायला लागलं, संध्याकाळी गल्लीत एकेका घरात दिवा लागावा तसं. हे पुढं झुकले. बोट पडद्याला लावून मोजायला लागले आणि मोजता मोजता थांबले. म्हणाले, "हे झाड मले आत्ता दिसलं."

मग आम्हाला नादच लागला. जुन्या डिस्कवरचे ह्यांचेच सगळे भडक फोटो काढायचे आणि त्यांचा रंग उतरवायचा. पट्ट्या मी सरकवायची, हुकूम ते सोडायचे. त्यात बऱ्याच गमती कळल्या. मेळघाटातल्या फुललेल्या पळसाचा एक फोटो होता, ज्याच्यासाठी लोक थांबून वाहवा करायचे. रंग गेल्यावर त्यात काहीच राहिलं नाही; नुसत्या काटक्या आणि ठिपके. सूर्यास्ताचा एक होता, अर्धं आभाळ पेटलेलं. तो धुण्याच्या पाण्यासारखा झाला. आणि उलट, एका लग्नातला फोटो होता जो आम्ही अल्बममध्ये घेतलाच नव्हता, कारण त्यात रंग नव्हता: मंडपामागं चुलीपाशी बसलेली एक म्हातारी, धुरात. तिचा रंग काढला आणि ती अशी समोर आली की मी हात पट्टीवरून उचलला. धुराची एकेक घडी दिसत होती. तिच्या हातातल्या झाऱ्याची कड दिसत होती. हे म्हणाले, "मी हा काढला होता?"

मला तेव्हापासून वाटतं, भडक रंग हा लग्नातल्या बँडसारखा असतो. तो वाजत असेपर्यंत कोण काय बोलतं ते ऐकू येत नाही. वाईट काही नाही त्यात, लग्न बँडशिवाय शोभत नाही. पण तो थांबला की कळतं, घरात माणसं कोण आहेत. रंगाचा मला राग नाही. मी बाई आहे, हिरव्या चोळीखणाचा मोह मला अजून सुटत नाही. फक्त एवढं कळलं की रंग गेला म्हणजे सगळं गेलं, हे खरं नव्हे. उजेड असतो, सावली असते, सुरकुती असते, आणि ह्यांना ते सगळं माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं. कितीतरी वेळा ते म्हणायचे, "त्या गालावर उजेड हाय, तो मारू नको," आणि मला तो गाल सापडायलाच वेळ लागायचा.

एके सकाळी त्यांनी बाबांचा टॉवेल बॅगेवरून उचलला. बाबा अंगणात शेगडीपाशी बसले होते, खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली. ह्यांनी फोटो काढला, आम्ही तो काळा-पांढरा केला, आणि हे स्वतः अमरावतीला जाऊन तो मोठा करून, फ्रेम करून घेऊन आले. आजारानंतर ते एकटे गावाबाहेर गेले ती पहिली वेळ. फोटो खरोखर देखणा होता. बाबांच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ नांगरल्यासारखी.

पण नशीब बघा. तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. भावजयीनं ओसरीच्या आतल्या खोलीत लक्ष्मीची पूजा मांडली होती, शेजारी उदबत्ती पेटत होती, झेंडूचे हार ताटात काढून ठेवले होते. ह्यांनी फोटो आणला आणि भिंतीवर लावेपर्यंत म्हणून शेजारच्या खुर्चीवर टेकवून ठेवला. बरोब्बर वर भिंतीवर माझ्या आईचा फोटो होता, हार घातलेला, काळा-पांढरा. हे हातपाय धुवायला गेले, भावजय शेतात, मी मागं धुण्याच्या दगडावर. आणि अशात तेल्हाऱ्याहून माझी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची पाठची बहीण. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज खणखणीत. मी मागं होते तरी तो आवाज मला ऐकू आला. "दादा रे! अशी कशी पाठ फिरवली रे! मले एक फोन बी केला नाई कोनी!" मी ओल्या हातानं धावत आले तर तिनं ताटातला हार फोटोला घातलेला, समोर बसून कपाळ बडवून घेत होती. मी आत्या, आत्या करत होते, ती ऐकेना. शेजारच्या दोन बाया धावत आल्या आणि काही न विचारता तिच्याबरोबर रडायला लागल्या. एवढ्यात बाबा बगीच्यातून आले. दारात उभे राहून म्हणाले, "काहून रडून राहिली वो? कोन गेलं?"

आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, परत त्यांच्याकडं पाहिलं. आणि रडणं तसंच चालू ठेवलं, कारण एकदा लागलेला सूर तिला एकदम तोडता येईना. मग मात्र तिला राग आला. "बाप्पा, जित्या मान्साचा असा फोटू काढते का कोनी? बिनरंगाचा फोटू मेलेल्या मान्साचा असते. कोनं काढला हा?"

हे दारात उभे होते, हातात ओला रुमाल. म्हणाले, "म्या काढला, आत्याबाई." हसायची गोष्ट होती, आणि पुढं आम्ही पोट दुखेपर्यंत हसलोही. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी हार काढला, फोटो उचलला, भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि कॅमेरा बॅगेत घातला. मला हळूच म्हणाले, "बरोबर हाय तिचं. कोन काढून घेईल असे फोटो? त्या पोराले सांग, संक्रांतीची वाट नको पाहू म्हना. आत्ताच घेऊन जाय म्हना." इतक्या दिवसांत जे जरासं उभं राहिलं होतं ते माझ्यासमोर बसत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली. खिळा आणि हातोडी घेतली, भिंतीकडं तोंड केलेला आपला फोटो उचलला आणि आईच्या समोरच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं ठोकला. दोघं एकमेकांकडं बघतील असा. आत्या चहा पीत बघत होती.

"दादा, अपशकून हाय तो."

"अवो, हार घालून तू सारा शकून आधीच करून टाकला," बाबा म्हणाले. "आता मी मेलो का फोटू शोधा लागत नाई. तवरोक जित्याचा फोटू म्हून राहू दे." मग ते ह्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले. बाबा कोणाला उपदेश करणाऱ्यातले नव्हते. बगीच्याबद्दलच बोलले. "आज पाहून आलो. पानं चांगली गळून राहिली. ताण बसला. पन जवाईबापू, ताण द्याचा बी एक बेत असते. जास्त लांबला तं झाड फुलत नाई, वाळते." मग त्यांनी खुंटीवरच्या बॅगेकडं पाहिलं. "तुमी त्या कॅमेऱ्याले लय दिवस ताण देऊन राहिले."

बाबा उठून गेले. जाताना बहिणीला म्हणाले, "तू बी काढून घे एक. माह्या शेजारी लावू."

आत्या दिवसभर नाही नाही म्हणत राहिली. दुपारी मात्र तिनं लुगडं बदललं, तोंड धुतलं, ताजं कुंकू लावलं आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसली. "काढा जवाईबापू. पन एक सांगून ठेवतो. माहा मालक तेल्हाऱ्यात धडधाकट हाय. माहं कुकू फोटूत दिसलं पायजे. नाई दिसलं तं मी तो फोटू फोडीन." ह्यांनी कॅमेरा काढला. खरं सांगायचं तर, मला वाटतं, तिला नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

फोटो लॅपटॉपवर घेतला. आत्या चुलीपाशी गेली होती. मी सवयीनं बगीच्यासाठी ठेवलेल्याच पट्ट्या लावल्या, नारिंगी वर, लाल वर. चेहरा सुरेख उजळला, कपाळ लखलखीत, पांढरे केस कापसासारखे. मी म्हणणार होते, किती छान आला. एवढ्यात ह्यांनी माझा हात धरला.

"थांब. कपाळ कोरं हाय."

मी पाहिलं. कुंकू नव्हतं. रुपयाएवढं कुंकू कपाळाच्या उजेडात पार विरघळून गेलं होतं, आणि खांबाला टेकून बसलेली माझी आत्या विधवा दिसत होती. हा फोटो तिच्या हातात पडला असता तर तिनं नुसता फोडला नसता. आणि हे ह्यांनी पाहिलं होतं, मी नव्हे. मला तर रंगीत फोटो आठवत होता, म्हणून डोळे आपोआप कुंकू भरून घेत होते.

"लाल खाली घे," ते म्हणाले. "हळू. अजून खाली." आणि त्या कोऱ्या कपाळावर आधी एक सावली आली, मग तिला कड आली, मग ते गोल, भरलेलं, काळंभोर कुंकू वर आलं, जणू कोणी आत्ताच बोट टेकवून लावलं. ह्यांनी खुर्ची पुढं ओढली. किती तरी वेळ ते नुसते त्या ठिपक्याकडं बघत बसले. बाहेरून आत्या विचारत होती, "दिसलं का कुकू?" ह्यांनी ओरडून सांगितलं, "दिसलं आत्याबाई. चांगलं दिसलं." मग मला म्हणाले, "मांगच्या उन्हाळ्यापासून म्या कोनाचंच पाहिलं नव्हतं."

आत्यानं फोटो पदरानं पुसून पिशवीत घातला आणि तेल्हाऱ्याला नेला. तिकडं तिनं काय सांगितलं देव जाणे, पण फाल्गुन लागायच्या आधी तिच्या ओळखीची दोन म्हातारी जोडपी विचारत आली, तो जित्या मान्साचा बिनरंगाचा फोटू काढते ते भाऊ कोनते. अमरावतीच्या पोराला आम्ही चहा पाजून परत पाठवलं. तो गुणी मुलगा, त्याला काही वाईट वाटलं नाही.

संक्रांतीनंतर पाणी सोडलं. कोरड्या आळ्यांत पाणी शिरतानाचा तो आवाज, चरचर आणि मग गुडगुड, आणि भेगांमधून वर येणारे बुडबुडे. बाबा मोटारीपाशी उभे, हे आळ्यात चप्पल घालून उभे, चिखलात. काही दिवसांनी सकाळी दार उघडलं तर वास आत आला. बगीचा पांढरा झाला होता. एकाही फुलात रंग नव्हता, आणि ते बघायला गावचा रस्ता थांबत होता.

त्या फुललेल्या झाडाखाली ह्यांनी माझा फोटो काढला. मी भरजरी काही नेसले नव्हते, घरचीच साडी. घरात येऊन पडद्यावर घेतला, रंग उतरवला. लाल पट्टी खाली घ्यायला मला सांगावं लागलं नाही. हे शेजारी बसून बघत होते. फुलं, उजेड, माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं होतं. मला वाटलं आता म्हणतील छान आला. त्यांनी एक डोळा बारीक केला.

"टिकली वाकडी हाय," ते म्हणाले.

आता विलासचा फोन येऊन गेला आहे, वरण उतू जायला आलं आहे. स्टुडिओ चालू आहे. रंगांचं मी बघते, उजेडाचं ते बघतात. लाल थोडा परत आला आहे म्हणतात, कधी आला आहे, कधी नाही. बाबांचा फोटो आईच्या समोर आहे आणि खाली खाटेवर बाबा आहेत, अजून कोणाला हार घालू देत नाहीत. पुढच्या आठवड्यात आम्ही जाणार, गळणाऱ्या पानांखाली बसायला. निघताना मी टिकली लावेन. हल्ली ती लावताना मी आरशात बघत नाही.